बर्फावरची ईर्यासमिती : कुटुंबाची गाडी, मोठी चाके आणि हिवाळी टायर

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या कॅनडातील शहरांत स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत मिनीव्हॅन ही चैनीची नव्हे, सोयीची वस्तू झाली आहे. आईवडील, मुले आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा अशा तीन पिढ्यांना रविवारी जिनमंदिरात किंवा पाठशाळेत एकत्र न्यायचे, तर लहान मोटार अपुरी पडते. अशी गाडी घेताना एक प्रश्न हमखास उभा राहतो. हाती असलेली जादाची रक्कम दिसायला भारदस्त अशा मोठ्या चाकांवर खर्च करावी, की वर्षातील चार-पाच महिनेच लागणाऱ्या हिवाळी टायरांवर? वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात गाडीत बसलेल्या सात जिवांची आणि रस्त्यावरून चालणाऱ्या इतरांची सुरक्षितता त्याच्याशी निगडित आहे.

मोठे चाक म्हणजे नेमके काय?

टोयोटा सिएना या परिचित मिनीव्हॅनचे उदाहरण घेऊ. २०२१ पासूनच्या या गाडीत श्रेणीनुसार १७, १८ किंवा २० इंची चाके मिळतात. त्यांच्या टायरांवर अनुक्रमे २३५/६५ आर १७, २३५/६० आर १८ आणि २३५/५० आर २० असे आकडे असतात. यातील २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के रबराची उंची आहे ते प्रमाण आणि अखेरचा आकडा धातूच्या रिमचा इंचांतील व्यास.

आता हिशेब मांडून पाहावा. पहिल्या टायरमध्ये रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत सुमारे १५३ मिलिमीटर रबर असते, दुसऱ्यात १४१ आणि तिसऱ्यात सुमारे ११७. टायरसह चाकाचा एकूण व्यास मात्र ७३७, ७३९ आणि ७४३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सारखाच राहतो. तो तसाच राहावा लागतो, अन्यथा वेगदर्शक काटा चुकीचा वेग दाखवू लागेल. तेव्हा ‘मोठे चाक’ घेतल्याने गाडी उंच होत नाही. धातूचा भाग वाढतो आणि रबराचा कमी होतो.

याचे काही लाभ आहेत. वळणावर गाडी अधिक नेमकी वळते आणि दिसायलाही ती रुबाबदार वाटते. पण रबराची उशी पातळ झाल्याने खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. बर्फ गोठणे आणि वितळणे या चक्रामुळे तेथील रस्त्यांना हिवाळ्याच्या अखेरीस खड्डे पडतात, तेव्हा अशी रिम वाकण्याचा व टायर फुटण्याचा धोका वाढतो. मोठ्या मापाचे टायर महागही असतात. शिवाय अनेक गाड्यांत मोठी चाके वरच्या श्रेणीत मिळतात आणि त्याच श्रेणीत चामड्याची आसनेही येतात. जैन ग्राहकाने चाकांबरोबर आसनांचीही चौकशी करावी.

सात अंशांची मर्यादा

हिवाळी टायर केवळ बर्फासाठी असतात, हा मोठा गैरसमज आहे. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळ्यासाठी बनवलेले रबर कडक होऊ लागते. सर्व ऋतूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या टायरांची पकडही थंडीत कमी होते, मग रस्ता कोरडा असला तरी. हिवाळी टायरचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. त्याच्या पृष्ठभागावरील असंख्य बारीक चिरा बर्फावर पकड घेतात आणि खोल खाचा पातळ चिखलबर्फ बाजूला सारतात.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह पाहावे. ठरावीक चाचणीत बर्फावर उतरलेल्या टायरलाच ते मिळते. केवळ ‘एम अँड एस’ ही अक्षरे पुरेशी नाहीत. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. ओंटारिओत तशी सक्ती नाही, मात्र ते बसवणाऱ्यांना विम्याच्या हप्त्यात सूट देणे विमा कंपन्यांवर २०१६ पासून बंधनकारक आहे.

चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी असेल तर हिवाळी टायर कशाला, असेही विचारले जाते. अशी गाडी बर्फातून सहज निघते हे खरे. परंतु थांबताना आणि वळताना तिचा भरवसा टायरांच्या पकडीवरच असतो. दोनच टायर बदलून बचत करणे तर धोक्याचे. पुढच्या चाकांना पकड आणि मागच्यांना नाही, अशा स्थितीत गाडीचा मागील भाग घसरून ती गरकन फिरू शकते.

शहाणपणाची खरेदी

हिवाळ्यासाठी मोठे नव्हे, तर गाडीला चालणारे लहान रिम निवडणे अनेकदा हिताचे ठरते. २० इंची चाकांची गाडी असली तरी हिवाळ्यासाठी १७ किंवा १८ इंची संच बसतो का, हे विचारावे. ब्रेकचा भाग लहान रिमच्या आत मावतो की नाही, याची खात्री मात्र जाणकाराकडून करून घ्यावी. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीत टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. सात माणसे आणि सामान वाहणाऱ्या गाडीत ही बाब टाळता येत नाही.

वेगळ्या रिमवर बसवलेला संच घेतल्यास दर हंगामात टायर काढण्या-चढवण्याचा खर्च वाचतो आणि रस्त्यावरच्या मिठाने महागडी रिम खराब होत नाहीत. साध्या पोलादी रिम त्यासाठी पुरेशा असतात. चाके बदलल्यावर सुमारे १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण एक पौंडाने घटतो, म्हणून थंडीत तो वरचेवर तपासावा. खाचांची खोली ४ मिलिमीटरवर आली की तो टायर बर्फासाठी निरुपयोगी समजावा.

व्यापारी दृष्टीने पाहता दुसरा संच हा दुप्पट खर्च नाही. एक संच धावत असताना दुसरा झिजत नाही, त्यामुळे दोन्ही अधिक वर्षे टिकतात.

श्रावकाची दृष्टी

परिग्रहपरिमाण पाळणाऱ्या कुटुंबाला दुसरा संच अनावश्यक संचय वाटू शकेल. परंतु गरजेची वस्तू आणि मिरवण्याची वस्तू यांतील भेद व्रतालाही मान्य आहे. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येची, म्हणजे निष्काळजी वर्तनाची, गणना होते. मुनी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गृहस्थाला चार हातांचे अंतर पुरत नाही. त्याची दक्षता गाडी वेळेत थांबवण्याच्या क्षमतेत असते आणि तिची तयारी घरातून निघण्यापूर्वीच करावी लागते.

आणखी एक तपशील अनेकांना ठाऊक नसतो. टायरच्या रबरात वापरले जाणारे स्टिअरिक आम्ल वनस्पती-तेलापासून बनते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही. ज्यांना याचा विचार करायचा असेल त्यांनी खरेदीपूर्वी उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी.

चाके बदलण्याची वेळ लक्षात ठेवणे आपल्याला तसे सोपे आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनाच्या, म्हणजे दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास टोरांटोतील पारा सात अंशांकडे झुकू लागतो, तेव्हा हिवाळी टायर चढवावेत. महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास थंडी ओसरू लागते. त्यानंतर पारा सात अंशांच्या वर स्थिरावला की ते उतरवून, धुऊन, कोरडे करून उन्हापासून दूर ठेवावेत.