नाण्याचा पाठ आणि विक्रेत्याची भाषा

नाणे पारखून घ्यावे, ही आपल्याकडील जुनी शिकवण आहे. सराफ नाणे दगडावर वाजवून पाही. ‘खणखणीत नाणे’ या शब्दप्रयोगात त्या परीक्षेची स्मृती अद्याप टिकून आहे. जुनी नाणी ऑनलाइन विकत घेणाऱ्यास मात्र ही सोय नाही. त्याच्यापुढे असतात ती दोन छायाचित्रे आणि विक्रेत्याने लिहिलेल्या चार ओळी. म्हणजे वस्तूच्या परीक्षेपूर्वी पाठाची परीक्षा करावी लागते, आणि हे काम भाषाभ्यासकास अपरिचित नाही. नाण्यांवरील लेखांच्या अभ्यासासाठी आपले काही विद्यार्थी अशी खरेदी करू लागले आहेत. त्यांच्या उपयोगासाठी हे टिपण लिहीत आहे.

प्रथम शिवराईचे उदाहरण घेऊ. तांब्याच्या या नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असतो. शिवछत्रपतींच्या काळानंतर, पेशवाईतही, निरनिराळ्या टांकसाळींत ही नाणी पाडली जात. ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे अक्षरांचे वळण बदलते, ‘पति’बरोबर ‘पती’ आढळते, ‘शिव’च्या जागी ‘सिव’ही दिसते. तेव्हा केवळ अशुद्ध लेखनावरून नाणे खोटे ठरविणे चुकीचे होय. शिवाय ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर जाई. संपूर्ण लेख नीट मध्यभागी बसलेले नाणे स्वस्तात मिळू लागले, तर आनंदापूर्वी शंका यावी.

मग खरेखोटे ओळखावे कसे? येथे पाठचिकित्सेचे एक तत्त्व उपयोगी पडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट प्रमाद आढळला, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान निघते. पण दोन्ही पोथ्यांना त्याच पानावर, त्याच जागी, कसरीने पाडलेले तेच भोक असेल तर? तेव्हा निदान एक तरी प्रत दुसरीचे केवळ छायाचित्र आहे, असेच म्हणावे लागेल.

नाण्यांचेही तसेच आहे. एकाच ठशाने पाडलेल्या दोन अस्सल नाण्यांत अक्षरांचे दोष समान असतात. त्यात गैर काही नाही. परंतु चकतीच्या कडेचा आकार, ठसा किती सरकून बसला ते, हातोहात फिरून झालेली झीज आणि पुढे केव्हातरी पडलेला ओरखडा या गोष्टी प्रत्येक नाण्याच्या स्वतंत्र इतिहासाच्या असतात. त्याही तंतोतंत जुळल्या, तर एका अस्सल नाण्यावरून साचा घेऊन दोन्ही ओतली असण्याचा, किंवा एक दुसऱ्यावरून ओतले असण्याचा संभव फार मोठा. म्हणून एकच छायाचित्र न्याहाळीत बसू नये. अनेक विक्रेत्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून ताडून पाहावीत. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बारीक छिद्रे आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघही कधी दिसते. यास्तव कडेचे छायाचित्र आवर्जून मागावे.

नवा ठसा कोरून केलेली बनावट या कसोटीतून सुटू शकते. तेथे वजन साह्यास येते. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, पितळेची सुमारे साडेआठ पट. त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेला पितळी होन त्याच आकाराच्या अस्सल होनाच्या निम्म्याहूनही हलका भरतो. जो विक्रेता ग्रॅममध्ये वजन व मिलिमीटरमध्ये व्यास सांगत नाही, त्याच्याशी पुढील बोलणे व्यर्थ होय.

दुसरी कसोटी कालविपर्यासाची. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, राम-दरबार किंवा हनुमानाचे चित्र आणि १६१६, १७१७ अथवा १८१८ हे वर्ष असलेल्या चकत्या मोठ्या किमतीस देऊ केल्या जातात. १६१६ साली कंपनीपाशी हिंदुस्थानात स्वतःची टांकसाळच नव्हती. मुंबई बेट तिच्या हाती आले ते १६६८ साली. कंपनीच्या चलनात अशी नाणी नव्हतीच. देवादिकांची चित्रे असलेल्या मुद्रा पूजेसाठी करण्याची चाल आहे, आणि तीत दोष नाही. त्यांना ‘नाणे’ म्हटले की फसवणूक सुरू होते.

येथे विक्रेत्याच्या भाषेकडे वळावे. प्रामाणिक विक्रेता विधाने करतो: धातू अमुक, वजन अमुक, नाणे अमुक संग्रहातून आले, खोटे ठरल्यास अमुक दिवसांत पैसे परत. अप्रामाणिक विक्रेता सूचना करतो: ‘आजोबांच्या पेटीत सापडले’, ‘अतिदुर्मीळ’, ‘मला यातले फारसे कळत नाही’, ‘जसे आहे तसे’. यांपैकी एकही वाक्य खोटे ठरविता येत नाही, आणि तीच त्यांची सोय आहे. वर्णनातील विशेषणे खोडून उरते काय ते पाहावे; काहीच उरले नाही तर व्यवहार सोडावा.

व्यवहाराविषयी थोडे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि तिच्या व्यापारास परवाना लागतो. तो विचारण्यात संकोच नसावा. जुनी नाणी विकून देण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. बँक असे व्यवहार करीत नाही. आगाऊ रक्कम परस्पर पाठवू नये व लेखी पावतीवाचून नाणे घेऊ नये.

संग्राहक फसला तर त्याचे पैसे जातात. अभ्यासक फसला तर खोट्या नाण्यावरील एखादे अक्षररूप प्रबंधात शिरते, तेथून दुसऱ्या प्रबंधात उतरते, आणि काही वर्षांनी तेच पुरावा म्हणून उद्धृत होते. पैशाची हानी भरून निघते; पाठात शिरलेला प्रक्षेप काढण्यास मात्र पिढ्या लागतात. म्हणून जे नाणे हाती घेऊन तोलले नाही, त्याच्या आधारे कोणताही निष्कर्ष काढू नये.