मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी इंटरफेस-मॉकअप साधनांची निवड : मराठी वापरकर्त्याच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर वापरकर्त्यास जे दिसते आणि ज्याच्या आधारे तो काम करतो, त्यास इंटरफेस असे म्हणतात. आज्ञावली लिहिण्यापूर्वी या पडद्याचा जो नमुना-आराखडा काढला जातो, तो मॉकअप होय. बांधलेली भिंत पाडण्यापेक्षा नकाशावरील रेष पुसणे सोपे असते. मॉकअपचे महत्त्व याच न्यायाने ठरते.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ संहिता पाहण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार सर्वांस असतो. तथापि हा अधिकार बहुधा आज्ञावलीपुरताच गृहीत धरला जातो; आराखडे मात्र कोणत्याही साधनात काढले जातात. आराखडा हाही प्रकल्पाचा स्रोतच आहे, या भूमिकेतून साधननिवडीचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मुक्तस्रोत निर्मितीशी संबंध नवा नाही. आय.आय.टी. मुंबई येथील ‘फॉसी’ प्रकल्पातून विद्युत मंडलांच्या रचनेसाठी ‘ई-सिम’ आणि पोलादी बांधकामाच्या आरेखनासाठी ‘ऑसडॅग’ ही सॉफ्टवेअर विकसित झाली. त्यांत विविध महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा सहभाग राहिला आहे. अशा कामात मनुष्यबळ सतत बदलत असते. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते व दुसरी काम हाती घेते. पहिल्या तुकडीचे आराखडे दुसरीस उघडता आले नाहीत, तर आधी झालेला विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

बंदिस्त साधनावर विसंबण्याचा धोका काल्पनिक नाही. लिनक्स कर्नलच्या विकासासाठी २००२ पासून ‘बिटकीपर’ ही मालकी हक्काची प्रणाली वापरली जात होती. २००५ मध्ये तिची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आली आणि लिनस टोरवाल्ड्स यांना ‘गिट’ ही पर्यायी प्रणाली लिहावी लागली. मॉकअपच्या क्षेत्रातही ‘इनव्हिजन’ ही बहुपरिचित सेवा २०२४ अखेर बंद झाली. सेवा बंद होणार असली की आराखडे दुसरीकडे हलविण्याची धावपळ करावी लागते. आणि हलविल्यानंतरही ते पूर्वीसारखे संपादित करता येतीलच, याची खात्री नसते.

निवडीचे निकष

१. फाइलचे स्वरूप : साधन मुक्त आहे काय, याइतकाच ‘त्याची फाइल अन्य साधनात उघडते काय’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘एसव्हीजी’ हे चित्रस्वरूप २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने प्रमाणित केले. ही फाइल मुळात मजकुराची असल्याने गिटमध्ये संहितेशेजारी ठेवता येते आणि कोणता बदल केव्हा झाला हे तपासता येते. ‘पीएनजी’ चित्र चर्चेसाठी पुरेसे असते. परंतु त्यातील बटण हलविता येत नाही किंवा शब्द सुधारता येत नाही. म्हणून केवळ चित्र जतन करणे म्हणजे स्रोत जतन करणे नव्हे.

२. देवनागरीची शुद्ध मांडणी : समजा, भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावातील वाचकांसाठी ग्रंथालयाच्या सूचीचा मराठी पडदा आखावयाचा आहे. त्यात ‘सह्याद्रीतील दऱ्या’ असे शीर्षक आले, तर साधनास ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतील भेद दाखविता आला पाहिजे. एकाचा अर्थ डोंगरांमधील खोल भाग, तर दुसऱ्याचा समुद्र. तसेच ऱ्हस्व वेलांटी संगणकात अक्षरानंतर साठविली जाते, पण दिसावी लागते अक्षराआधी. ही जुळणी न जमणाऱ्या साधनात वेलांट्या भलत्या जागी जातात व जोडाक्षरे सुटी पडतात. याशिवाय ‘सेव्ह’ऐवजी ‘जतन करा’ लिहिताना बटणाची रुंदी वाढते आणि वेलांटी-मात्रा व उकारांमुळे ओळीस अधिक उंची लागते. इंग्रजी मजकूर भरून केलेला मॉकअप हे दोष झाकून ठेवतो. म्हणून आराखड्यात प्रथमपासून खरा मराठी मजकूर वापरावा. टंकही मुक्त परवान्याचा असावा, उदाहरणार्थ मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्ता’. तो आराखड्यासोबतच ठेवावा, अन्यथा दुसऱ्या संगणकावर संपूर्ण मांडणी बदलते.

३. उपलब्धता : साधन खंडित इंटरनेटवर चालते काय, जुन्या संगणकास झेपते काय आणि लिनक्सवर मिळते काय, हे पाहिले पाहिजे. ज्या साधनासाठी वर्गणी भरावी लागते किंवा अखंड जोडणी लागते, ते ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यास प्रकल्पाबाहेर ठेवते. मग संहिता कितीही मुक्त असो.

४. तपशिलाची पातळी : प्रारंभी आराखडा जितका कच्चा, तितकी टीका मोकळी होते. रंग-छायांनी सजविलेले चित्र पाहून लोक रंगावर बोलतात, रचनेवर नाही. पहिल्या टप्प्यावर कागद व पेन्सिल हेच उत्तम साधन होय.

प्रमुख साधने

‘इंकस्केप’ हे २००३ पासून विकसित होत असलेले मुक्त चित्रण-सॉफ्टवेअर होय. त्याचे मूळ स्वरूपच एसव्हीजी आहे, ते इंटरनेटशिवाय चालते आणि देवनागरी योग्य रीतीने दाखविते. मात्र एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाणारा क्रियाशील नमुना करण्यासाठी ते घडविलेले नाही. ‘पेन्सिल’ या मुक्त साधनात खास मॉकअपसाठी तयार आकार मिळतात व शिकण्यास ते सोपे आहे. परंतु त्याच्या विकासाचा वेग मंदावला आहे. साधन मुक्त असणे आणि त्याची देखभाल होत असणे या भिन्न बाबी होत, हे यावरून ध्यानात यावे.

‘पेनपॉट’ हे स्पेनमधील ‘कॅलेडोस’ या संस्थेने विकसित केलेले मुक्तस्रोत साधन ब्राउझरमध्ये चालते. अनेकांना एकाच वेळी काम करणे आणि क्रियाशील नमुना बनविणे त्यात शक्य आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवरही बसविता येते. त्यासाठी तांत्रिक देखभाल करणारी व्यक्ती मात्र लागते. मालकी हक्काच्या साधनांपैकी ‘फिग्मा’ २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. सोय व सफाई या दृष्टीने ते लोकप्रिय आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि २०२२ मध्ये ‘अडोबी’ने ते सुमारे २० अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि २०२३ अखेर हा व्यवहार रद्द झाला. अशा साधनाचे भवितव्य वापरकर्त्यांच्या हाती नसते, एवढे या घटनेतून दिसते. २००८ मध्ये आलेले ‘बाल्सामिक’ मुद्दाम हाताने काढल्यासारखी रेखाटने देते. कच्च्या आराखड्याचे तत्त्व त्यात चांगले उतरले असले, तरी तेही मालकी हक्काचेच आहे.

निष्कर्ष

सर्व टप्प्यांसाठी एकच साधन शोधणे व्यर्थ होय. कल्पना मांडताना कागद, स्थिर आराखड्यासाठी इंकस्केप आणि जोडणी व सर्व्हरची सोय असेल तेथे सामूहिक कामासाठी पेनपॉट, असा क्रम महाविद्यालयीन प्रकल्पांस सोयीचा ठरेल. एखाद्या सदस्यास मालकी हक्काच्या साधनातच काम सुलभ वाटत असेल, तर त्यास रोखण्याचे कारण नाही. मात्र अंतिम आराखडा खुल्या स्वरूपात, वापरलेल्या टंकासह, प्रकल्पाच्या भांडारात ठेवण्याची अट असावी.

निवड पक्की करण्यापूर्वी एक साधी चाचणी पुरेशी आहे. एका विद्यार्थ्याने ‘दऱ्या’ हा शब्द असलेला एक पडदा काढावा आणि दुसऱ्याने तो वेगळ्या संगणकावर, पैसे न भरता, उघडून दुरुस्त करावा. हे जमत नसेल, तर त्या प्रकल्पाची संहिता मुक्त असली तरी त्याचा आराखडा बंदिस्तच आहे, असे समजावे.