वाफसा आणि वातन : घट्ट झालेल्या विस्तीर्ण हिरवळीचा एक अल्पव्ययी उपचार

मातीत हवा खेळती करण्याच्या क्रियेस परिभाषेत ‘वातन’ म्हणतात. संज्ञा नेटकी आहे. तीत उणीव एवढीच की, ती केवळ क्रियेचा निर्देश करते. ती क्रिया केव्हा करावी याविषयी काहीच सुचवीत नाही. याउलट शेतकऱ्याच्या तोंडचा ‘वाफसा’ हा शब्द क्रियेचा नव्हे, तर अवस्थेचा वाचक आहे. पाऊस पडून गेल्यानंतर जमिनीत चिखल राहिलेला नाही, पण ती वाळूनही गेलेली नाही. औत घातले असता माती फाळाला चिकटत नाही आणि मोठी ढेकळेही निघत नाहीत, अशी जी मधली स्थिती तिला वाफसा म्हणतात. काही ठिकाणी ‘वापसा’ असाही उच्चार ऐकू येतो. ‘वाफ’ हा शब्द संस्कृत ‘बाष्प’, प्राकृत ‘बप्फ’ या मार्गाने मराठीत आला. वाफशाचे त्याच्याशी असलेले नाते कानालाच जाणवते. परंतु व्युत्पत्तीपेक्षा येथे महत्त्वाचे आहे ते या शब्दाबरोबर येणारे क्रियापद. वाफसा ‘येतो’, तो कोणी ‘करीत’ नाही. पेरणी ‘वाफशावर’ करतात.

भाषाभ्यासाच्या पत्रिकेत मातीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. वातनाविषयी छापील स्वरूपात मिळणारी बहुतेक माहिती शीत प्रदेशांतील हिरवळींसाठी लिहिलेली असून तिचा सारा भर उपकरणावर असतो. ती जशीच्या तशी मराठीत उतरली की, क्रियेचे नाव येते, अवस्थेचे येत नाही. आणि दख्खनच्या पठारावरील एखाद्या शिक्षणसंस्थेचे एकराचे मैदान सुधारण्यासाठी मंजूर झालेले अल्पसे अनुदान भर उन्हाळ्यात, दगडासारख्या जमिनीवर खर्ची पडते. ज्या शब्दाने हा खर्च वाचला असता तो शब्द मैदानाच्या कुंपणापलीकडच्या शेतात नित्य वापरात असतो. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या विवेचनात वाफसा हे एक प्रमुख तत्त्व आहे. त्या मार्गाने हा मराठी शब्द अलीकडे इंग्रजी अहवालांतही रोमन लिपीत जसाच्या तसा वावरू लागला आहे. त्याला परभाषेत प्रतिशब्द शोधण्यापेक्षा तोच उचलणे लेखकांस सोयीचे वाटले असावे.

आता प्रत्यक्ष मातीकडे वळू. चांगल्या मातीच्या घनफळापैकी सुमारे निम्मा भाग घन कणांचा आणि निम्मा पोकळीचा असतो. या पोकळीत हवा आणि पाणी साधारणतः सारख्या प्रमाणात असणे इष्ट होय. पायांखाली माती दबली म्हणजे ही पोकळी सर्वत्र सारखी कमी होत नाही. आधी मिटतात त्या मोठ्या पोकळ्या, म्हणजे ज्यांतून पाणी झटकन निचरते आणि हवा आत येते त्याच. बारीक पोकळ्या शिल्लक राहतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगानेच तो पाण्यातून पसरतो. म्हणून दबलेल्या आणि ओल्या मातीत मुळे गुदमरतात. हे दबणे माणसांच्या वर्दळीमुळे झाले असेल तर ते बहुधा वरच्या दोन-तीन इंचांतच असते. वाहनांचा दाब याहून खोल जातो.

जमीन घट्ट करण्याचे शास्त्र मराठीला चांगले अवगत आहे. मातीची भुई पाणी शिंपडून चोपतात. भरावावर पाणी मारून धुम्मस करतात. कोरडी माती चोपली जात नाही, चिखल तर मुळीच नाही, हे गवंड्याला ठाऊक असते. अभियंत्यांनी तेच पुढे मोजून दाखविले. 1933 साली कॅलिफोर्नियातील अभियंता आर. आर. प्रॉक्टर याने दाखवून दिले की, ठरावीक मेहनतीत प्रत्येक माती एका विशिष्ट ओलाव्याला सर्वांत अधिक दबते. आणि हा ओलावा वाफशाच्या ओलाव्यापासून फार दूर नसतो! याचा अर्थ असा की, ज्या दिवसांत मातीत हत्यार उत्तम चालते, त्याच दिवसांत तिच्यावर रूळ फिरवणे, ट्रॅक्टर नेणे किंवा खेळाडूंना सरावास सोडणे सर्वांत घातक ठरते. मैदान पावसाने मऊ झाले की लगेच रूळ फिरवण्याची जी रीत क्रिकेटच्या खेळपट्टीवरून साऱ्या मैदानावर पसरली आहे, ती खेळपट्टीपुरतीच ठेवावी. खेळपट्टीला घट्टपणा हवा असतो, हिरवळीला नको असतो.

वाफसा ओळखावयास यंत्र लागत नाही. दोन-तीन इंच खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी आणि झालेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो फुटून त्याचे भुसभुशीत तुकडे झाले तर वाफसा आहे. चपटा होऊन पडला तर नाही. गोळाच झाला नाही तर वेळ टळून गेली. ॲल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनज्ञाने 1911 साली मांडलेल्या मर्यादांपैकी एक याच जातीची आहे : तळहाताखाली मातीची वळी वळत जावे, आणि ती सुमारे 3 मिलिमीटर जाडीला येताच तुटू लागली तर माती लवचीकपणाच्या सीमेवर आहे असे समजावे. याहून ओली माती हत्यार घातल्याने मोकळी होत नाही. छिद्राच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि वातनासाठी पाडलेले छिद्र एक लहानसे मडके होऊन बसते.

दुसरी परीक्षा घट्टपणाची. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा दोन इंच जमिनीत बसवून त्यात ठरावीक उंचीपर्यंत पाणी भरावे आणि ते जिरण्यास किती मिनिटे लागतात ते टिपावे. हे एकाच जागी करून काही कळत नाही. कुंपणाच्या कडेला जेथे कोणी फिरकत नाही तेथे एकदा, आणि पायवाटेवर किंवा गोलपोस्टच्या तोंडाशी एकदा करून दोन्ही काळांची तुलना करावी. असे आठ-दहा ठिकाणी केले म्हणजे पुष्कळदा असे आढळते की, मैदान ‘सगळेच’ घट्ट झालेले नाही. वर्दळीचे पट्टे घट्ट झाले आहेत. अल्प पैशांत काम करावयाचे असेल तर हा नकाशा इतर कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक मोलाचा आहे.

याचे कारण साध्या हिशेबाने दिसते. पोकळ दात्याचे उपकरण मातीची लहानशी कांडी कापून बाहेर काढते. भरीव खिळा किंवा पहार माती काढीत नाही, बाजूला सारते. एका जागी मोकळीक देऊन ती तिच्या शेजारी घट्टपणा निर्माण करते. (पादत्राणांस खिळे लावून हिरवळीवर चालण्याचा जो प्रकार सुचवला जातो, त्यात खिळ्याने जेवढे साधते तेवढे टाचेने गमावले जाते; त्याचा विचार नको.) तेव्हा पोकळ दाताच हवा. तो विकतच घेतला पाहिजे असे नाही. अर्ध्या इंची लोखंडी नळीचे दोन तुकडे, त्यांची खालची कड आतून कानशीने धारदार केलेली, कांडी निसटून जाण्यासाठी बाजूस खाच, वर पाय देण्यास आडवी पट्टी आणि दोन हातांची मूठ एवढे काम वेल्डिंगचे दुकान असलेल्या कोणत्याही गावात होते.

अशा साधनाने सुमारे 20 मिलिमीटर व्यासाची छिद्रे चार-चार इंचांवर, म्हणजे चौरस मीटरला 100, पाडली तर पृष्ठभागाचा केवळ शेकडा तीन भाग मोकळा होतो. एका एकरात 4,047 चौरस मीटर. म्हणजे छिद्रे चार लाखांवर आणि दोन दात्यांमुळे पायाचे दाब दोन लाखांवर. मिनिटाला 15 दाब धरले तरी 225 तास लागतात. दिवसाला सहा तासांचे काम धरता सदतीस-अडतीस मनुष्यदिवस. इतका काळ वाफसा कोणासाठी थांबत नाही. पण नकाशावरून घट्ट भाग पाचवा हिस्साच आहे असे निघाले, तर तेवढ्याच भागावर आडवे आणि उभे असे दोनदा काम करूनही पंधरा मनुष्यदिवस पुरतात. चार माणसे ते चार दिवसांत उरकतात आणि एवढी उघडीप पावसाळ्यात मिळू शकते. यंत्र भाड्याने आणले तर काम झटपट होईल हे खरे. परंतु यंत्राची तारीख आधी ठरवावी लागते, आणि वाफसा तारीख पाहून येत नाही.

छिद्रे भरावयाची की नाही, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने दुय्यम नाही. साऱ्या एकरातील वरील छिद्रे तीन इंच खोल धरून वाळूने भरावयाची तर साडेनऊ घनमीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन ब्रास वाळू लागेल. पाचव्या हिश्शावर दोनदा काम केल्यास दीड ब्रासच्या आत भागते. चिकणमातीवर थोडी वाळू पसरून ती मिसळण्याचा खटाटोप मात्र व्यर्थ होय. वाळूचे कण एकमेकांस टेकू देतील इतके तिचे प्रमाण झाले तरच उपयोग, आणि तेवढी वाळू येथे कोणालाही परवडणारी नाही. माझ्या मते चाळलेले कुजके शेणखत किंवा पालापाचोळ्याचे कंपोस्ट छिद्रांत झाडून टाकावे, आणि बाहेर आलेल्या कांड्या वाळल्यावर दंताळ्याने फोडून जागीच पसराव्यात. खतामागे गांडुळे येतात. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षाकाठी दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरांतून जाते, असा अंदाज चार्ल्स डार्विनने 1881 च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. तो आकडा आपल्या मैदानांस लावण्याचे कारण नाही. पण हा मजूर रोजंदारी मागत नाही.

मातीचा प्रकार पाहिल्यावाचून हे सारे करू नये. पठारावरील काळ्या मातीत फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या चिकणमातीचे प्राबल्य असते. उन्हाळ्यात ती स्वतःच भेगाळते. तिला आपली आपण नांगरली जाणारी माती म्हणतात ते याचमुळे. अशा मैदानावर उन्हाळाभर पाणी देत राहणे म्हणजे फुकट होणारे वातन पैसे देऊन थांबवणे होय. गवत हरळीचे असेल, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा तेच असते, तर वर करपले तरी जमिनीखालच्या कांड्यांतून पहिल्या पावसात पुन्हा फुटते. तेव्हा काळ्या मातीत उन्हाळ्याच्या अखेरीस काही आठवडे पाणी तोडून भेगा पडू द्याव्यात, त्यांत खत सारावे आणि दातेवाले साधन केवळ पायवाटांवर चालवावे. तांबड्या मातीला असा स्वयंभू उपाय नाही. तेथे छिद्रांवाचून गती नाही. दोन्हीकडे मुख्य काम पहिल्या चांगल्या पावसानंतरच्या वाफशावर करावे, कारण त्या वेळी हरळी जोमाने वाढत असते आणि उघडी पडलेली जागा लवकर व्यापते. संधी हुकली तर पावसाळ्यातील पुढची एखादी उघडीप पाहावी.

काम झालेल्या पट्ट्यांवरून निदान दोन-तीन आठवडे कोणास चालू देऊ नये. पायवाट जेथे पडतेच पडते तेथे हिरवळीचा हट्ट सोडून फरशा टाकणे स्वस्त पडते.

पुढच्या पावसानंतर पुन्हा वाफसा येईल तेव्हा तेच डबे त्याच जागी बसवून पाणी जिरण्याचा काळ पुन्हा टिपावा. तो कमी झाला असेल तर त्याच पट्ट्यांवर पुढील वर्षी एकदा काम पुरेल. तो तसाच राहिला तर पहार घालून पाहावे : अनेक मैदाने मुरुमाच्या दाबलेल्या भरावावर चार-सहा इंच माती टाकून तयार केलेली असतात, आणि पहार तेवढ्याच खोलीवर खणकन वाजली तर अडथळा तीन इंचांच्या दात्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेथे पाणी बाजूला काढण्यासाठी चर खणावा लागेल. वातनावर आणखी पैसा घालू नये.