घडीच्या दस्त्याची ९ मिमी कार्बाईन : निवड करताना सुरक्षा दले नेमके काय पाहतात?

बेंगळुरू : २८ डिसेंबर २००५ रोजी सायंकाळी येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात परिषद आटोपून बाहेर पडणाऱ्या शास्त्रज्ञांवर अंदाधुंद गोळीबार झाला. त्यात दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील गणिताचे प्राध्यापक एम. सी. पुरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईत २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर पोलिसांच्या हाती .३०३ रायफली आणि लाठ्या होत्या. सभागृह, फलाट, रुग्णालयाचा जिना अशा बंदिस्त आणि गजबजलेल्या ठिकाणी पोहोचणाऱ्या पहिल्या तुकडीच्या हाती कोणते शस्त्र असावे, हा प्रश्न तेव्हापासून सुरक्षा यंत्रणांपुढे आहे.

मुंबई हल्ल्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची केंद्रे मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे उभारण्यात आली. त्या यादीत बेंगळुरू नव्हते. त्यामुळे या शहरात पहिली जबाबदारी कर्नाटक पोलिसांवर आणि त्यांच्या ‘गरुड’ या विशेष पथकावर येते. महाराष्ट्रात हेच काम २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फोर्स वन’कडे आहे. अशा पथकांना लागणाऱ्या शस्त्रांत पिस्तुलाचीच गोळी झाडणाऱ्या, दस्ता घडी घालून लहान करता येणाऱ्या कार्बाईनला वेगळे स्थान आहे.

भारतीय पोलीस आणि सैन्याला हा प्रकार नवा नाही. कानपूरच्या लघु शस्त्र कारखान्यात तयार झालेली आणि ब्रिटिश स्टर्लिंगवर आधारलेली ९ मिमी कार्बाईन अनेक दशके बंदोबस्ताची ओळख होऊन राहिली. भोके असलेले नळीचे आवरण, डाव्या बाजूने आडवी लागणारी वक्राकार मॅगझिन आणि खालच्या बाजूने दुमडणारा लोखंडी दस्ता, हे तिचे रूप पोलीस ठाण्यात गेलेल्या कोणालाही आठवेल. मूळ स्टर्लिंगची लांबी दस्ता उघडल्यावर सुमारे ६९ सेंटिमीटर, तर दुमडल्यावर ४८ सेंटिमीटर भरते. वजन पावणेतीन किलोच्या आसपास असून मॅगझिनमध्ये ३४ गोळ्या मावतात. कागदावरचे हे आकडे आजही वाईट नाहीत. अडचण तिच्या कार्यपद्धतीत आहे.

ही कार्बाईन झाडण्यापूर्वी तिचा बोल्ट मागे अडकवलेला असतो. चाप ओढताच तो जड बोल्ट पुढे धावतो, गोळी नळीत ढकलतो आणि त्याच झटक्यात ती उडवतो. रचना साधी, स्वस्त आणि नळी थंड ठेवणारी आहे. पण बोल्टच्या धक्क्याने पहिलीच गोळी नेमापासून हलू शकते. शिवाय मॅगझिन लावलेले असताना आणि सुरक्षा खटका लावलेला नसताना अशी कार्बाईन दस्त्यावर आपटली, तर बोल्ट मागे सरकून गोळी सुटण्याचा धोका असतो. ओलीस आणि हल्लेखोर एकाच चौकटीत उभे असताना पहिल्या गोळीचा नेम हीच शस्त्राची खरी परीक्षा ठरते. म्हणून १९६० च्या दशकात आलेल्या जर्मन एमपी-५ ने बोल्ट बंद ठेवून गोळी झाडण्याची पद्धत स्वीकारली आणि जगभरच्या कमांडो पथकांनी ती उचलून धरली.

नवे शस्त्र पारखताना सर्वांत आधी प्रश्न येतो तो काडतुसाचा. ९ मिमी गोळीचे वजन साधारण साडेसात ग्रॅम असते आणि कार्बाईनच्या नळीतून ती सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने बाहेर पडते. तिची ऊर्जा ५५० ते ६०० ज्यूल भरते. ५.५६ मिमी रायफलीची गोळी वजनाने जवळपास निम्मी. पण पूर्ण लांबीच्या नळीतून तिची ऊर्जा सुमारे १,७०० ज्यूलपर्यंत जाते. मग दुबळी गोळी का निवडायची? याचे उत्तर नळीच्या लांबीत आहे. पिस्तुलाच्या काडतुसातील दारू २० ते २५ सेंटिमीटरच्या नळीत बहुतांश जळून जाते. रायफलीच्या काडतुसाला एवढी नळी अपुरी पडते. न जळलेली दारू नळीच्या तोंडाशी भडकते, बंद खोलीत डोळे दिपतात, कानठळ्या बसतात आणि गोळीचा वेगही घटतो. आवाजरोधक जोडायचा असेल तर जड, ध्वनीपेक्षा मंद धावणारी ९ मिमी गोळी वापरता येते; रायफलीला ती सोय सहजासहजी मिळत नाही.

मात्र पिस्तुलाची गोळी भिंतीपलीकडे जात नाही, हा समज खोटा आहे. प्लायवूड किंवा जिप्समचे पातळ विभाजन ती सहज भेदते. बेंगळुरूच्या कार्यालयांत अशाच भिंती असतात. दुसरीकडे, मऊ थरांचे बुलेटप्रूफ जाकीटही सामान्य ९ मिमी गोळी थोपवते. समोरच्याने जाकीट घातले असेल, तर हीच मर्यादा जीवघेणी ठरते. त्यावर तोडगा म्हणून पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापना म्हणजेच एआरडीईने ५.५६ गुणिले ३० मिमी या वेगळ्या काडतुसाची संयुक्त उपक्रम संरक्षक कार्बाईन विकसित केली. तिच्या वापरकर्ता चाचण्यांचा अखेरचा टप्पा डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाल्याचे संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. वजन सुमारे तीन किलो, प्रभावी पल्ला १०० मीटरहून अधिक आणि मिनिटाला ७०० हून अधिक गोळ्यांचा वेग, असे तिचे स्वरूप आहे. परंतु वेगळे काडतूस म्हणजे वेगळा पुरवठा. ९ मिमी गोळी पोलिसांच्या पिस्तुलात आणि कार्बाईनमध्ये एकच चालते. जिल्ह्याच्या शस्त्रागारासाठी ही सोय लहान नाही.

घडीचा विषय वरकरणी किरकोळ वाटतो. गस्तीच्या गाडीत पट्टा बांधून बसलेल्या शिपायाला विचारले, तर तो तसे म्हणणार नाही. दस्ता कोठे आणि कसा दुमडतो, हे शस्त्राच्या आतील रचनेवर अवलंबून असते. अमेरिकी एआर पद्धतीच्या कार्बाईनमध्ये बोल्टला मागे रेटणारी स्प्रिंग दस्त्यातच बसवलेली असते. त्यामुळे तो दस्ता सरकतो, पण सहसा दुमडत नाही. स्प्रिंग शस्त्राच्या धडातच असेल, तर दस्ता बाजूला दुमडूनही गोळी झाडता येते. तो उजवीकडे दुमडला आणि रिकामी काडतुसे बाहेर पडण्याची खिडकी झाकली गेली, तर घडीचा उपयोग केवळ वाहून नेण्यापुरताच उरतो. बिजागरीत खेळ असेल, तर नेमबाजाच्या गालाची टेक प्रत्येक वेळी बदलते. चाचणीत दस्ता शेकडो वेळा उघडमीट करून पाहण्याचे कारण हेच.

अमेरिकेत केल-टेक कंपनीची ‘सब-२०००’ ही कार्बाईन मधोमध दुमडते आणि जेमतेम ४१ सेंटिमीटरची होते. तेथील कायद्यानुसार रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड असल्यास स्वतंत्र नोंदणी लागते. पूर्ण लांबीची नळी ठेवूनही शस्त्र पिशवीत मावावे म्हणून ही युक्ती निघाली. दुमडलेल्या अवस्थेत ती झाडता येत नाही. पोलीस पथकासाठी हा गंभीर दोष ठरतो. परदेशी जाहिरातीतील आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, ते यामुळेच.

शस्त्रावर प्रकाशीय दर्शक बसवला की आणखी एक बाब पुढे येते. दर्शक नळीच्या पाच-सहा सेंटिमीटर वर असतो. त्यामुळे तीन-चार मीटरवर गोळी नेमापेक्षा तेवढीच खाली लागते. ओलिसाच्या खांद्याआडून दिसणाऱ्या हल्लेखोरावर नेम धरताना हे अंतर निर्णायक ठरते आणि ते केवळ सरावानेच अंगवळणी पडते. खरेदीच्या फायलीत सरावाच्या गोळ्यांची तरतूद त्यामुळेच कार्बाईनच्या किमतीइतकी महत्त्वाची आहे.

देशी पर्यायांत महूची इन्फंट्री स्कूल आणि एआरडीई यांनी मिळून चार महिन्यांत साकारलेले ‘अस्मी’ हे ९ मिमी मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये पुढे आले. त्याचा वरचा भाग विमानांत वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा असून चापाचे भाग धातूच्या थ्रीडी मुद्रणाने घडवले गेले. उत्पादन खर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. हैदराबादच्या लोकेश मशिन्सने बनवलेली ५५० ‘अस्मी’ २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी घेण्यात आली. बेंगळुरूतही वाहनांच्या स्प्रिंगसाठी परिचित असलेल्या स्टंप, शुले अँड सोमप्पा समूहाने एसएसएस डिफेन्समार्फत शस्त्रनिर्मितीत पाऊल टाकले. तिचा ‘पी-७२’ रायफल परिवार आणि ‘सेबर’ ही स्नायपर रायफल येथे घडली. स्प्रिंग करणाऱ्याने बंदूक करावी, हे दिसते तितके विसंगत नाही; मॅगझिनची स्प्रिंग थकली की उत्तम बंदूकही अडते.

सर्वसामान्य नागरिकाला मात्र ही निवड खुली नाही. सैन्याची ९ मिमी काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाईन शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध वर्गात मोडतात. केंद्र सरकारच्या विशेष परवानगीविना असे शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते १४ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

लष्कराची मोठी खरेदी अखेर वेगळ्या वाटेने गेली. ४४,६१८ कार्बाईनसाठीची जुनी निविदा एकच विक्रेता उरल्याने बारगळली. संयुक्त अरब अमिरातीच्या काराकल कंपनीकडून ९३,८९५ कार्बाईन घेण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये रद्द झाला. जुलै २०२२ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने सुमारे चार लाख कार्बाईनना मंजुरी दिली आणि २०२५ मध्ये एआरडीईच्या आराखड्यावर आधारित शस्त्रासाठी पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली. या कार्बाईनचे काडतूस ५.५६ गुणिले ४५ मिमी, म्हणजे रायफलीचे आहे. सीमेवरील जवानासाठी झालेली ही निवड आहे. शहरातील पोलीस पथकांना आपल्या काडतुसाचा निर्णय स्वतंत्रपणेच घ्यावा लागणार आहे.