विद्युत् मंडले, एकसरी व अनेकसरी
विद्युत् घटकांच्या जोडणीचे दोन मूलभूत प्रकार. एकसरी जोडणीत सर्व घटकांतून समान प्रवाह वाहतो व विद्युत् दाब विभागला जातो; एक घटक तुटल्यास मंडल खंडित होते. अनेकसरी जोडणीत दाब समान राहून प्रवाह विभागतो. उदा., ६ व १२ ओहमचे रोध एकसरीत १८, तर अनेकसरीत ४ ओहम होतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी एका रोहित्रावरील अनेक कृषिपंप परस्परांशी अनेकसरीत, परंतु पुरवठा तारांशी एकसरीत असतात. म्हणून पंप वाढले की तारांतील प्रवाह व दाबक्षय वाढतो, पंपांना कमी दाब मिळतो. चलित्रे अधिक प्रवाह घेऊन तापतात व त्यांच्या गुंडाळ्या जळण्याचा संभव असतो. संरक्षक वितळतार याच कारणाने प्रत्येक चलित्राशी एकसरीत जोडतात.