सर्व्हर प्रक्रियांचे स्मृति-व्यवस्थापन

जाळ्यावरून येणाऱ्या अनेकांच्या मागण्या स्वीकारून त्यांना उत्तरे पुरविणाऱ्या आज्ञावलीस सर्व्हर म्हणतात, व तिच्या प्रत्येक चालू प्रतीस प्रक्रिया म्हणतात. संगणकाची मुख्य स्मृती मर्यादित असते. ती या प्रक्रियांत वाटणे, तिचा वापर मोजणे आणि त्यास कमाल मर्यादा घालणे म्हणजे स्मृति-व्यवस्थापन होय. घरगुती वापराची आज्ञावली काम संपताच बंद केली जाते व तिने अडविलेली स्मृती मोकळी होते. सर्व्हर मात्र महिनोन्‌महिने अखंड चालतो. त्यामुळे लहानशी गळतीही साचत जाते. दर मागणीमागे १ किलोबाइट स्मृती परत करावयाची राहून गेली व सेकंदास १० मागण्या येत असतील, तर एका दिवसात सु. ८४४ मेगाबाइट स्मृती निरुपयोगी होते.

वापराचे मोजमाप : स्मृतीचे समान आकाराची पृष्ठे पाडून वाटप करण्याची पद्धत मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेल्या ॲटलस संगणकात (१९६२) प्रथम अवलंबिण्यात आली. त्यात एक पृष्ठ ५१२ शब्दांचे होते. आजच्या बहुसंख्य सर्व्हरांत ते ४,०९६ बाइटांचे असते. प्रक्रियेस आभासी स्मृतीचा विस्तीर्ण प्रदेश दिला जातो. पण प्रत्यक्ष पृष्ठ ती त्यास प्रथम हात लावील तेव्हाच मिळते. म्हणून प्रक्रियेचा आभासी आकार हा तिच्या खऱ्या वापराचा निदर्शक नव्हे. शिवाय युनिक्स वळणाच्या प्रणालींत एका मूळ प्रक्रियेपासून अनेक प्रती निर्माण होतात. या प्रती मूळची पृष्ठे सामायिक वापरतात व एखाद्या पृष्ठात बदल करावयाचा झाल्यासच त्याची स्वतंत्र नक्कल केली जाते. प्रत्येक प्रक्रियेच्या नावे दिसणारे आकडे नुसते बेरीज केल्यास एकच पृष्ठ अनेकदा मोजले जाते.

उदाहरणार्थ, एका यंत्रात ८,१९२ मेगाबाइट स्मृती असून प्रचालन प्रणाली व माहितीसंचय यांसाठी २,१०० मेगाबाइट राखून ठेवल्यास ६,०९२ उरतात. प्रत्येक प्रक्रियेच्या नावे ९० मेगाबाइट दिसत असून त्यांतील ३० सर्वांचे सामायिक असतील, तर सरळ भागाकाराने ६७ प्रक्रिया बसतात. सामायिक भाग एकदाच धरल्यास त्या १०१ होतात. अपॅचे या प्रसिद्ध सर्व्हरच्या एक मागणी–एक प्रक्रिया या रचनेत मूळची ठरीव मर्यादा २५६ आहे. ती न बदलल्यास गर्दीच्या वेळी याच यंत्रावर १५,३९० मेगाबाइटांची मागणी होईल. शांत दिवसांत ही चूक दिसून येत नाही, हे तिचे वैगुण्य.

स्मृतीचा तुटवडा : स्मृती अपुरी पडली की प्रणाली काही पृष्ठे चकतीवर हलविते. चकती मुख्य स्मृतीपेक्षा कित्येक पटींनी मंद असते. प्रक्रियांना नित्य लागणारी पृष्ठेच बाहेर जाऊ लागली, तर संगणकाचा सर्व वेळ पृष्ठांची ने-आण करण्यात जातो व खरे काम जवळजवळ थांबते. या अवस्थेस थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिची मीमांसा करून, प्रक्रियेस अल्पावधीत लागणाऱ्या पृष्ठांचा संच स्मृतीत मावेल एवढ्याच प्रक्रिया एका वेळी चालू ठेवाव्यात, असे दाखवून दिले. लिनक्स प्रणाली सामान्यतः जवळ असलेल्या स्मृतीहून अधिक स्मृती देण्याचे मान्य करते. सर्वांनी एकदम ती वापरावयास घेतल्यास व काहीच शिल्लक न राहिल्यास एखादी प्रक्रिया बळाने बंद करते. ही निवड मुख्यत्वे आकारावरून होत असल्याने पुष्कळदा गळणारी प्रक्रिया वाचते आणि निर्दोष माहितीसंचय बळी पडतो. व्यवस्थापकास −१,००० ते १,००० या दरम्यानचा अंक देऊन ही निवड बदलता येते.

उपाय : ठराविक मागण्या पुरविल्यावर प्रक्रिया बंद करून नवी सुरू करण्याची सोय अपॅचेत आहे. तिने गळती झाकली जाते, बुजत नाही. तथापि दोष परक्या आज्ञावलीत असेल तेव्हा दुसरा मार्गही नसतो. निरुपयोगी स्मृती आपोआप गोळा करणाऱ्या भाषांतही विसरलेले संदर्भ स्मृती अडवून ठेवतातच. लिनक्समध्ये २००८ पासून प्रक्रियांच्या गटास मिळून एक मर्यादा घालता येते; ती ओलांडल्यास झळ त्या गटापुरतीच राहते. मात्र गटाने वाचलेल्या संचिकांच्या स्मृतीतील नकलाही या हिशेबात धरल्या जात असल्याने, मर्यादेजवळ पोहोचलेला आकडा पाहून लगेच गळतीचे निदान करणे बरोबर नाही.