नष्टाश्वदग्धरथन्याय

बुलढाण्यासारख्या पाणीटंचाईच्या जिल्ह्यांत पोहण्याचा हौद ही चैनच. म्हणून चिरंजीवांनीं नातवंडांसाठीं जमिनीवर उभा करावयाचा जुना हौद आणला, तेव्हां मी प्रथम रागावलों. एकदां भरलेलें पाणी औषध टाकून, गाळून पुनःपुन्हा वापरावयाचें, एवढाच त्यांत मार्ग. आणि नेमकें गाळणीच्या पंपाचें झांकण व त्याखालचें रबरी कडें गहाळ! तीं नसलीं कीं पंप पाण्याऐवजीं हवाच ओढतो.

भंगारवाल्याकडे तसाच दुसरा पंप मिळाला. त्याची मोटार जळलेली, परंतु झांकण शाबूत. एकाचे घोडे हरवले, दुसऱ्याचा रथ जळला. उरलेलें जोडून दोघेहि मार्गस्थ झाले, हा न्याय आम्ही वर्गांत शिकवीत असूं. तो येथें अनुभवास आला.

मात्र सर्वच ठिकाणीं हा न्याय लावूं नये. रबरी कडें मापून नवेंच घ्यावें. भूसंपर्काची तार आणि वीज झिरपतांच प्रवाह तोडणारा स्विच हीं जाणत्या वायरमनकडूनच बसवून घ्यावीं. पाण्यांत लेंकरें असतात.

उन्हाळा सरतांना औषध थांबवून कांहीं दिवस उघडें ठेवलेलें तें पाणी आंब्याच्या आळ्यांत सोडलें. माझा राग तेथें निवाला.